वरच्या खिडकीची वर्दी

"मग मी ओरडेन हं! आधीच सांगून ठेवतो," तोकुजी वृद्धाश्रमाच्या काउंटरवर हात टेकून म्हणाला. "साडेनऊनंतर उत्सवाच्या घोडेस्वारांची रांग इथून जाईल. तेव्हा ते वर खिडकीत दिसले, तर बाप म्हणून गय करणार नाही."

"ओरडा की," तुयेत औषधांच्या डब्या लावता लावता म्हणाली. "पण जरा बेताने. इथे अकरा जणांना रक्तदाब आहे."

सकाळचे सहा वाजले होते. तोकुजीच्या पायांना लोखंडी पट्ट्या बांधून झाल्या होत्या आणि वर अजून गंजीफ्रॉकच होता. कमरेखाली योद्धा, कमरेच्या वर गॅसवाला. वर्षाचे बाकीचे दिवस हारामाची गावातल्या घराघरांत सिलिंडर पोचवायचे आणि थंडीत रॉकेलचे डबे दोन-दोन मजले चढून द्यायचे, हा त्याचा धंदा. छप्पन वर्षांचा झाला होता. गुडघे कुरकुरत होते. कुणाच्या स्वयंपाकघराचं दार कुठे आहे आणि कुणाचं कुत्रं चावरं आहे हे त्याला पाठ होतं. पण वर्षातून एका रविवारी हाच गॅसवाला चिलखत घालून, पाठीला निशाण लावून, चारशे घोडेस्वारांच्या पुढे निघायचा आणि गावाला दटावायचा. मागून तिन्ही देवळांच्या पालख्या येतात. देवांना वरून पाहायचं नाही. माडीवर, गच्चीत, जिन्यात जो कोणी दिसेल त्याला खाली उतरवायचं, आणि मग मागे जाऊन सेनापतींना वर्दी द्यायची की मार्ग मोकळा आहे. हे काम त्याच्या आधी त्याचा बाप करायचा. सेइगो कोवाता. त्याचा आवाज तीन गल्ल्या पलीकडे ऐकू जायचा असं म्हातारे अजून सांगतात.

तोच सेइगो आता पंच्याऐंशीचा होऊन या वृद्धाश्रमाच्या दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत राहत होता. डोक्यातले दिवे एकेक करून मालवत चालले होते.

"सगळ्यांना खाली आणतोय आम्ही," तुयेत म्हणाली. तिशीची बाई, चार वर्षांपूर्वी व्हिएतनाममधून इथे कामाला आलेली. "खुर्च्या मांडल्यात, सावलीसाठी कापड बांधलंय. आजोबाच तेवढे नाही म्हणतात. काल उचलायला गेलो तर चावले."

"चावले?"

"कवळी काढलेली होती. म्हणून वाचले."

तोकुजी वर गेला. सेइगो खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. केस ओले करून विंचरलेले, पांढरा सदरा गळ्यापर्यंत बंद.

"बाबा, चला खाली."

"गॅस परवाच बदलला," सेइगो म्हणाला.

"मी तोकुजी. आज रांग आहे. खाली बसून बघू."

"मला कसं येता येईल? ती एकटी आहे."

"कोण एकटी?"

"हळू बोल." म्हाताऱ्याने बोट ओठांवर ठेवलं. "आत्ता डोळा लागलाय तिचा."

तोकुजीने मागे वळून पाहिलं. पलंग रिकामा होता, चादर नीट घातलेली होती. दारातून तुयेतने खांदे उडवले. "रोज असंच म्हणतात. कोण ते सांगत नाहीत."

तोकुजी पुन्हा खिडकीकडे वळला. "बाबा, मला कुणी शिकवलं हो? वरून बघणाऱ्याचं काय करायचं?"

म्हाताऱ्याची पाठ एकदम ताठ झाली. हे मात्र विसरलेलं नव्हतं. "उतरवायचा. बाप असला तरी उतरवायचा."

"बाप असला तरी?"

"बाप असला तरी." मग खिडकीच्या काचेकडे बघत तो पुटपुटला, "बायको असली तरी."

तोकुजी जिना उतरला तेव्हा त्याचे कान तापले होते. पायातल्या पट्ट्यांचा खणखणाट सगळ्या इमारतीत घुमला आणि खाली कुणीतरी विचारलं, भूकंप झाला का.

घरामागच्या शेडमध्ये गोम्बेई पाय आपटत होता. शर्यतीच्या मैदानावर आयुष्यात एकदाही पहिला न आलेला हा घोडा, निवृत्तीनंतर तोकुजीच्या गळ्यात पडला होता. मालकाच्या अंगातली चलबिचल त्याला मालकाच्या आधी कळायची. तोकुजी चिलखताच्या दोऱ्या बांधत होता, सोडत होता, परत बांधत होता. बायकोने भाताची ओनिगिरी पुढे केली, ती दोन घास खाऊन त्याने खोगिरावर ठेवली, आणि बाकीची गोम्बेईने खाल्ली.

"तुमच्या मनात काय चाललंय ते मला माहीत आहे," बायको म्हणाली. "जाऊ द्या आता. एकोणतीस वर्षं झाली."

"माझ्या मनात काही नाही."

"नाही कसं! मघापासून तीच गाठ चौथ्यांदा मारताय."

ती गाठ एकोणतीस वर्षांपूर्वीच बसली होती. तेव्हा उत्सव जुलैच्या उकाड्यात असे. घोडे आणि माणसं पटापट पडायला लागली तेव्हा कुठे तो अलीकडे मे महिन्यात आणला. तोकुजीची आई किनुए त्या वर्षी रांगेच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात होती, दुसऱ्या मजल्यावर. पोटातलं दुखणं, पायांतली ताकद गेलेली. तोकुजी पहिल्यांदाच रांगेत निघणार होता, म्हणून तिने पलंगावर पडल्या पडल्या त्याच्यासाठी नवं पाठनिशाण शिवलं. काळ्या कापडावर पांढरा बगळा, एक पाय वर घेतलेला. शेवटचे टाके घालायला तिला अकरा दिवस लागले. "खिडकीतून बघीन मी," ती म्हणाली होती. "लांबून कसा दिसतो ते बघायचंय. जवळून बगळा आणि बदक एकच दिसतं."

तोकुजी तिसऱ्या ओळीत होता. पुढे बाप. दवाखान्याच्या खिडकीत आई दिसली. दोन नर्सनी दोन्हीकडून धरून तिला उभं केलं होतं. तोकुजीने ऊर भरून पाठ ताठ केली, आणि तेवढ्यात पुढून तो आवाज आला.

"वरून पाहणारी ती कोण! देव येताहेत! खाली उतर!"

ती कोण हे सेइगोला ठाऊक होतं. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. बाजूच्या सगळ्या खिडक्या फटाफट मिटल्या. किनुएने मान खाली घातली आणि स्वतःच्या हाताने पडदा ओढून घेतला. बगळा त्या पडद्याखालून पुढे गेला.

त्या दुपारी मैदानावर दारूचे गोळे आभाळात फुटले आणि देवनिशाणं तरंगत खाली यायला लागली, तेव्हा सेइगोने जे केलं त्याची आठवण लोक अजून काढतात. एरवी तो निशाण पकडणाऱ्यांच्या त्या झुंडीत शिरत नसे. वर्दी देणाऱ्याने आपली अब्रू राखून बाजूला राहावं असं त्याचं मत. त्या दिवशी मात्र पिवळं निशाण वाऱ्याने भरकटलं तसा तो वेड्यासारखा त्याच्यामागे सुटला. शेकडो घोडे एकाच तुकड्यासाठी एकमेकांवर आदळत होते. चिलखतं चिलखतांवर खणखणत होती, धुळीत माणूस दिसत नव्हता, नुसते उंचावलेले चाबूक दिसत होते. एकाच्या कोपराने सेइगोचा ओठ फाटला. दुसऱ्याच्या घोड्याने त्याची मांडी खोगिरावर चेंगरली. पण चाबकाच्या टोकाला निशाण गुंडाळलं ते त्यानेच. टेकडीची नागमोडी चढण दौडत जाऊन त्याने ते सेनापतींना दाखवलं, लोकांनी आरोळ्या ठोकल्या, आणि हा गृहस्थ मित्रांबरोबर साकेचा एक घोट न घेता तडक दवाखान्यात गेला. तोकुजी मागोमाग होता. सेइगोने ते निशाण पलंगावर, तिच्या पायांशी ठेवलं.

किनुएने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "लागलं का?"

"नाही."

बस, एवढंच. पुढे भातकापणीच्या दिवसांत ती गेली. खिडकीचा विषय त्या घरात कधी निघाला नाही. बापलेक शेजारी बसून जेवले, एकाच गाडीतून स्मशानात गेले, समुद्र गावात शिरला तेव्हा एकाच शाळेच्या जमिनीवर चार महिने झोपले, पण नाही. तो न बोललेला विषय, अडकलेल्या तुकड्यासारखा, तोकुजीच्या घशात तसाच राहिला. बापाने घोडा सोडला आणि वर्दीचं काम त्याच्याकडे आलं तेव्हापासून तर दरवर्षी त्या रस्त्यावर आला की तो टोचायचा. आणि आता बाप स्वतःच वरच्या खिडकीत. तोकुजीला भीती वाटत होती. खरं सांगायचं तर नुसती भीती नव्हती. आपण याच दिवसाची वाट पाहत होतो की काय, असं त्याला सकाळपासून वाटत होतं, आणि त्या विचाराची त्याला लाज वाटत होती, आणि तरी तो विचार जात नव्हता.

शंख वाजले. रांग निघाली.

पहिल्या चौकातच नव्या कॅफेच्या गच्चीवर पाहुणे फोन वर धरून उभे होते. "वरून पाहणारे ते कोण! खाली उतरा!" तोकुजी गरजला. एकाच्या हातातला फोन झाडाच्या कुंडीत पडला. बँकेच्या जिन्यातून दोघे, न्हाव्याच्या माडीवरून तिघे. न्हावी खालून ओरडला, "तोकु, माझा सिलिंडर सोमवारी आण रे!" लोक हसले. तोकुजीने मान वळवली नाही. चिलखतातला माणूस सिलिंडरबद्दल बोलत नाही.

इमानोआजींची लाँड्री आली. आजी दरवर्षीप्रमाणे वर धुणं वाळत घालायच्या खिडकीत बसलेल्या होत्याच. त्यांना ओरडून घ्यायची हौस होती.

"वरून पाहणाऱ्या त्या कोण!"

"मी रे, मी! डिसेंबरात रॉकेल द्यायला आलास तेव्हा नाही विचारलंस कोण म्हणून!"

"आजी, खाली उतरा!"

"उतरते, उतरते. काय तोरा बाई! ते बगळ्याचं निशाण माझ्या इस्त्रीखाली होतं म्हणून समुद्रातून वाचलं, नाहीतर आज पाठीला गॅसची पाटी लावून फिरला असतास." आणि खिडकी लावता लावता त्यांनी खाली वाकून, आवाज बदलून म्हटलं, "तोकु, पुढे तुझे वडील बसलेत खिडकीत. आत्ताच बघितलं मी. सांभाळून रे बाळा."

गोम्बेई आडवा चालायला लागला.

वृद्धाश्रमासमोर कापडाच्या सावलीत म्हातारेकोतारे ओळीने बसले होते, मांडीवर टॉवेल, हातात पंखे. आणि वर, मधल्या खिडकीत, सेइगो उभा होता. बसलेला नव्हता, चौकटीला धरून उभा होता. मागे तुयेत त्याच्या दंडाला धरून खाली हातवारे करत होती: मी काय करू, मी काय करू.

तोकुजी थांबला. त्याच्यामागे पहिली ओळ थांबली, मग दुसरी, मग थेट पुलापर्यंत चारशे घोडे एकामागून एक थांबत गेले. वर कुणी असताना पालख्या पुढे काढता येत नाहीत. घोड्यांचं फुरफुरणं तेवढं ऐकू येत होतं. रस्त्यावरच्या म्हाताऱ्यांपैकी निम्म्यांना तो दवाखान्याचा दिवस आठवत होता, हे त्यांच्या न हलणाऱ्या पंख्यांवरून दिसत होतं.

तुकडीप्रमुख घोडा पुढे घेऊन आला आणि दात आवळून म्हणाला, "तोकु, उरक की! पालख्या उन्हात उभ्या आहेत. म्हणतोस का मी म्हणू?"

"मी म्हणतो."

त्याने छाती भरून घेतली. वाक्य तयार होतं. एकोणतीस वर्षं घोटलेलं होतं.

"वरून पाहणारे ते कोण!"

आवाज बापाचाच निघाला, तंतोतंत. तो ऐकून वरच्या माणसाने मान उचलली. त्याचे डोळे रस्त्यावर फिरले, चिलखतावर आले, तिथे थांबले. आणि जो आवाज कधीच संपला असं सगळ्या गावाला वाटलं होतं, तो वरून खाली आला. फाटका होता, पण तोच.

"स्वार! वर्दी दे!"

वर्दी मागण्याचा हक्क फक्त सेनापतींचा.

"वर्दी दे म्हणतो ना! दवाखान्याच्या खिडकीत एक बाई होती. मी तिला ओरडलो." म्हातारा चौकटीतून पुढे वाकला. "तिला चालता येत नाही. मला माहीत होतं चालता येत नाही ते. मी कुणाला पाठवलं नाही तिला आणायला. उतरली का ती? कुणी उचलून आणली का तिला?"

तुकडीप्रमुखाने लगाम खेचून घोडा एक पाऊल मागे घेतला आणि मान दुसरीकडे वळवली. सावलीतल्या एका म्हातारीने पंखा तोंडावर धरला. तोकुजीला वर बघवेना. 'ती एकटी आहे', 'हळू बोल', सकाळच्या सगळ्याचा त्याला एकदम अर्थ लागला. हा माणूस वरून पाहत नव्हताच. इतकी वर्षं तो त्या खिडकीशी तिला सोबत करत बसला होता.

घशातला तुकडा हलला. डोळ्यांतून पाणी आलं ते टोपाच्या पट्टीखाली मुरलं. तोकुजीने रिकिबीत पाय रोवले, सेनापतींसमोर उभा राहतो तसा उठला, आणि जितकं मोठ्याने बोलता येईल तितक्या मोठ्याने म्हणाला,

"वर्दी! बाईंना खाली आणलं!"

"कुणी?"

"मी आणलं. पाठीवर घेऊन."

"सावलीत बसवलीस?"

"सावलीत बसवलं. पाणी दिलं."

म्हाताऱ्याने खाली सावलीतल्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. मग त्याचा आवाज खाली आला, इतका की पहिल्या ओळीतल्यांनाच काय ते ऐकू गेलं असेल. "निशाण बघायचं होतं तिला. पोराचं. बगळा काढला होता. तो दिसला का तिला?"

"दिसला," तोकुजी म्हणाला. "बगळाच दिसला. बदक नाही दिसलं."

सेइगो हसला. दातांविना, लहान मुलासारखा. त्याने एकदा डोकं लववलं, सेनापती वर्दी ऐकून लववतात तसं. "छान. दमलास तू. मग आता इथे वर कोणी नको. देव येताहेत." आणि त्याने पडद्याला हात घातला. पडदा मध्येच अडकला, त्याने दोनदा हिसका दिला. मग तुयेतचा हात पुढे आला आणि तो पुरता ओढला गेला.

मागे पुलाजवळ उभ्या असलेल्या स्वारांना काय झालं ते कळलं नव्हतं. तिथून कुणीतरी ओरडलं, "काय झालं रे? मेलं का घोडं?" तोकुजी गोम्बेईला वळवून ओळींच्या कडेने मागे गेला, सेनापतींसमोर थांबला आणि रीतीप्रमाणे वर्दी दिली. मार्ग मोकळा आहे, वर कोणी नाही. सेनापतींनी मान हलवली. शंख पुन्हा वाजले.

पुढे येऊन आता त्याने दौडत पुढचा चौक गाठायचा होता. तिथे आणखी माड्या होत्या, आणखी गच्च्या होत्या, दुपारी मैदानावर देवनिशाणं उडायची होती. पण वृद्धाश्रमाच्या भिंतीपाशी आल्यावर त्याने लगाम आखडला. गोम्बेईला ते नवीन होतं. त्याने कान मागे टाकले आणि मग मुकाट्याने पाऊल टाकायला लागला. तोकुजीने पाठ ताठ केली, खांदे मागे घेतले, म्हणजे निशाण उलगडून उभं राहील. मधली खिडकी येईपर्यंत तो चालीनेच गेला आणि खिडकी मागे पडल्यावरही चालीनेच जात राहिला. त्याने वर पाहिलं नाही. पडद्याच्या फटीतून कुणी बघत असेल, तर या वर्षी तरी त्याला कुणाला ओरडायचं नव्हतं.